कुलपातला धवला

भोईरकाका वडा खाण्याआधी तो दोन बोटांत धरून एकदा पूर्ण फिरवायचे. "एका बाजूला जाड आहे," असं म्हणायचे आणि मग खायचे. हेंद्रेपाड्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी लावणारा वडेवाला त्यांना रोज सांगायचा, "काका, वडा आहे तो, बेअरिंग नाही."

"म्हणून तर पास केला," काका म्हणायचे. "बेअरिंग असतं तर परत पाठवलं असतं."

ते आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहायचे, आम्ही त्यांच्या बरोबर वर. अंबरनाथच्या फॅक्टरीत तपासणी खात्यात त्यांची सगळी नोकरी झाली. तिथे काय बनतं ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. विचारलं की "लोखंड" एवढंच म्हणायचे. त्यांची बायको, ताराकाकू, माझ्या आईला हसत सांगायची, "माना तर धा वर्सं वाटत व्हता, हे खिले बनवतान."

काका मूळचे चिखलोलीचे आगरी. बाहेरच्यांशी ते फॅक्टरीतलं सरळ मराठी बोलायचे, आणि घरात किंवा रागात आगरी. त्यामुळे ते खरंच चिडलेत की उगाच ओरडतायत हे आम्हाला वरच्या मजल्यावरसुद्धा कळायचं.

इमारतीत लिफ्ट बसली तेव्हा सेक्रेटरींनी नारळ फोडला, पेढे वाटले. काका हातात पाण्याने काठोकाठ भरलेला ग्लास घेऊन आले आणि एकटेच लिफ्टमध्ये शिरले. वर गेले, खाली आले, परत वर गेले. खाली आम्ही सगळे पेढा हातात घेऊन उभे. सेक्रेटरी म्हणाले, "अहो भोईर, बायकांना तरी जाऊ द्या."

"जातील की. पण दुसऱ्या मजल्यावर थांबताना धक्का बसतो. थेंब सांडला."

"एक थेंब ना?"

"आज एक."

लिफ्टवाला दुसऱ्या दिवशी परत आला. काकांनी पुन्हा ग्लास भरला. या वेळी सांडला नाही. तेव्हाच त्यांनी पेढा खाल्ला.

मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. मला लोकांशी बोलणं जड जायचं. खाली उतरताना मी आधी जिन्यात थांबून कानोसा घ्यायचे, कुणी बोलत असेल तर ते जाईपर्यंत तिथेच उभी राहायचे. काकांपुढे मात्र ही युक्ती चालायची नाही. त्यांचा दरवाजा दिवसभर उघडा असायचा आणि समोरच टेबलावर कॉम्प्युटर. पायरीवर माझी चप्पल वाजली की आतून आवाज यायचा, "ए इंग्लिश मीडियम! एकोणसत्तर म्हणजे किती?"

मी थांबायचे. मनात बोटं मोजायचे. "सिक्स्टी... नाईन?"

"पास. उद्या एकोणऐंशी."

मला याचा राग यायचा आणि दुसऱ्या दिवशी उतरण्याआधी मी एकोणऐंशी पाठ करून ठेवायचे.

कॉम्प्युटर त्यांनी निवृत्तीनंतर घेतला, उल्हासनगरला कॅम्प तीनमधल्या गोपभाईंच्या दुकानातून. गोपभाईंनी मशीन जोडून दिलं, आत विंडोज घालून दिलं. काकांनी विचारलं, "याची पावती?" गोपभाई म्हणाले, "साईं, मशीन की पावती है ना. अंदर का तो सब के पास ऐसाच आहे." काकांनी मशीन तिथेच काउंटरवर ठेवलं. "आतलं काढा. मला रिकामं द्या."

"रिकामं घेऊन काय करणार काका? आरती उतारोगे?"

रिकामं मशीन रिक्षात घालून ते घरी आले. पंधरा दिवस ते टेबलावर तसंच बंद होतं, आणि काकू त्याच्यावर पापड वाळत घालायची. मग कुणीतरी त्यांना एका मासिकाबरोबर आलेली सीडी दिली. तिच्यावर लिनक्स होतं, विंडोजच्या जागी चालणारं. ते सगळं फुकट होतं, कुणालाही वाटायची परवानगी होती आणि आतला प्रत्येक भाग उघडून बघायची मुभा होती, असं त्या मासिकात लिहिलं होतं. काकांनी तो लेख आमच्या घरी येऊन माझ्या वडिलांना वाचून दाखवला. "फुकट आणि तरी चोरीचं नाही," ते म्हणाले. "अशी वस्तू मी जन्मात पहिल्यांदा बघतोय."

त्यानंतर त्यांनी इमारतीत ज्याचा कॉम्प्युटर बिघडेल त्याच्यात लिनक्स घातलं. मशिनं जोरात चालायची, पण तिसऱ्या मजल्यावरच्या मुलांचे गेम गेले आणि एका काकूंचा प्रिंटर रुसला. लोक काकांना मशीन बिघडल्याचं सांगेनासे झाले. "भोईरांना कळू देऊ नका," असं दबक्या आवाजात बोललं जायचं. काकांना ते ठाऊक होतं. "चालतंय म्हणजे बरोबर आहे असं नाही," ते म्हणायचे आणि पुढच्या शिकारीची वाट बघायचे.

फॅक्टरीतलं इंग्रजी त्यांना पुरेपूर यायचं, पण लांब वाक्यं आली की ते अडायचे. नेटवरची माहिती सगळी इंग्रजीत. म्हणून मला बोलावणं यायचं. मी वाचायचे आणि जमेल तसं मराठीत सांगायचे. मला मराठी शब्द सुचायचा नाही, त्यांना इंग्रजी कळायचं नाही, असं आम्ही दोघं एकेक वाक्य ओढत न्यायचो. मला त्यात बरं वाटायचं, कारण बोलायला विषय शोधावा लागत नव्हता.

आता ताराकाकूबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं.

काकू धवलारीण होती. आगरी लग्नात भटजींच्या आधी मान धवलारणीचा. हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचं वेगळं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात, आणि तो गाऊन ती लग्न लावते. काकू हे आपल्या आजीकडून शिकली होती. तिच्या हळदीच्या धवल्यात तिच्या घराण्याचे, गावाचे, मिठागरांचे उल्लेख होते. तो तसा दुसऱ्या कुणाला येत नव्हता. कुणी लिहून घेऊ का विचारलं तर काकू म्हणायची, "धवला लिवत नाय गो, गातान."

कधीतरी, मी लहान असताना, जर्मनीहून एक बाई या गाण्यांचा अभ्यास करायला आली होती. तीन आठवडे चिखलोलीत राहिली. काकूने तिला सुकटीची चटणी घातली, ती बाई रडली, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा मागितली, हे मी बऱ्याचदा ऐकलंय. तिने काकूचा पूर्ण हळदीचा धवला कॅमेऱ्यात घेतला. दोन वर्षांनी तिकडून पोस्टाने एक डीव्हीडी आली, छापील वेष्टनातली, वर काकूचा फोटो. घरच्या प्लेअरमध्ये घातली तर पडद्यावर एक ओळ आली की ही डिस्क या भागात चालणार नाही. काका खटपट करायला बसले तर काकू म्हणाली, "ऱ्हाव द्या. मी हाय ना जित्ती. माना टीवीन कनाला बगताव?"

डिस्क कपाटात गेली. त्यानंतर चार वर्षांनी काकू गेली, दोन दिवसांच्या तापात.

त्यानंतर एकोणसत्तर बंद झालं. दार उघडं असायचं, काका आत बसलेले दिसायचे, पण हाक यायची नाही. मी मुद्दाम चप्पल वाजवत उतरायचे.

दीड वर्षाने त्यांच्या मुलीचं, निशाताईचं, लग्न ठरलं. निशाताई अंबरनाथला एका दवाखान्यात नर्स होती, सरळ बोलणारी. तिने पहिल्याच बैठकीत सांगितलं, "हॉल कुठलापण चालेल. डीजेपण चालेल. पण हळद आईच्या धवल्यावर लागली पाहिजे, नाहीतर मी हळदच लावणार नाही."

काकूची धाकटी बहीण मथीमावशी गाणारी होती. तिला चाल येत होती, सुरुवात येत होती, मधलं विसरलं होतं. "तारूचा आयकला तर यील माना," ती म्हणाली. "एकदा कानाव पडू दे."

म्हणजे डिस्क उघडायला हवी होती. लग्नाला तीन महिने होते.

काकांनी ती कपाटातून काढली. कोपरे धरून उजेडात तिरपी केली, ओरखडा नाही याची खात्री केली, आणि कॉम्प्युटरमध्ये घातली. लिनक्सच्या प्लेअरने ती घेतली आणि गप्प बसला. आम्ही जर्मनीच्या त्या बाईला मेल लिहिलं. वेष्टनावरचा पत्ता जुना होता, मेल परत आलं. मग मी वाचून सांगितलं की जगाचे भाग पाडून प्रत्येकाला नंबर दिलाय, डिस्कवर तिकडचा नंबर आहे आणि आपल्या ड्राइव्हवर आपला. ड्राइव्हचा नंबर बदलता येतो. तेवढ्यात आईने जेवायला हाक मारली. "बाकीचं उद्या वाचू," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकांनी खालून दोनदा हाक मारली. मी घरात होते. त्या दिवशी कॉलेजात मला सगळ्यांसमोर उभं करून काहीतरी विचारलं होतं आणि मला उत्तर देता आलं नव्हतं. मला कुणाचंच तोंड बघायचं नव्हतं. मी ओ दिली नाही.

संध्याकाळी खाली गेले तेव्हा काका टेबलाशी बसले होते आणि समोर त्यांची वही होती. वहीत पट्टीने आखलेले दोन रकाने. "बघ," ते म्हणाले, "काय चुकलं ते सांग."

तपासणी खात्यात त्यांना शिकवलेलं असं होतं की एका मापावर विश्वास ठेवायचा नाही. माप घ्यायचं, उपकरण शून्यावर आणायचं, पुन्हा घ्यायचं, पुन्हा शून्यावर आणायचं. काकांनी तेच केलं होतं. ड्राइव्हला तिकडचा नंबर दिला, डिस्क लावून बघितली, चालली नाही. ड्राइव्ह परत आपल्या नंबरावर आणला. पुन्हा तिकडचा दिला, बघितलं, चालली नाही. पुन्हा आपल्या नंबरावर. दरवेळी पडद्यावर एक आकडा येत होता आणि तो ते इमानाने दुसऱ्या रकान्यात लिहीत होते. तीन. दोन. एक. शून्य.

मी कालचं पान उघडलं. पुढचंच वाक्य होतं. नंबर फक्त पाच वेळा बदलता येतो. मग तो आहे तिथे कायमचा राहतो. एक वेळ दुकानातच वापरली गेली होती आणि चार काकांनी.

मी ते वाचून दाखवलं. काकांनी वहीतल्या शेवटच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"शून्यावर आणून ठेवला मी," ते म्हणाले. "कायमचा."

मग हसले. मला हसू आलं नाही. मी दुपारी घरात होते हे मी त्यांना सांगितलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

पुढचे आठ दिवस मी नेटवर वाचत बसले. डिस्कला एक नव्हे, दोन कुलपं होती. नंबराचं एक, आणि त्याच्या आत दुसरं, ज्यात चित्र आणि आवाज मुद्दाम विस्कटून ठेवलेले असतात. म्हणूनच नंबर बरोबर असतानाही ती चालली नव्हती. विकतच्या प्लेअरमध्ये हे विस्कटलेलं जुळवायची किल्ली असते. फुकटच्या सिस्टीममध्ये ती ठेवलेली नसते. पण जगात कुठल्याशा मुलांनी ते कुलूप किल्लीशिवाय उघडणारा एक छोटा भाग लिहिला होता, आणि तो बाहेरून आणून लिनक्सला जोडता येत होता. बऱ्याचदा त्याने नंबराचं कुलूपही निघायचं, फक्त वेळ लागायचा. मी हे सगळं सांगितलं आणि खालची सूचनाही वाचली, कारण काकांना अर्धवट वाचून दाखवायची माझी हिंमत नव्हती. काही देशांत हे वापरणं बेकायदेशीर असू शकतं.

"रिजेक्ट," काका म्हणाले आणि मशीन बंद केलं.

निशाताई आतून आली. "बाबा, काय रिजेक्ट?"

"दुसऱ्याचं कुलूप आहे."

"दुसऱ्याचं? आत आई हाय! डिस्क तुमच्या नावाने आली, फोटो आईचा, आवाज आईचा, धवला आपला. चोरी कुणाची करताय तुम्ही?"

"डिस्क आपली हाय. कुलूप त्यांचा हाय."

"मग बसा कुलूप बघत," ती म्हणाली. "लोक हसतील तुम्हाला. आख्खं उल्हासनगर दहा मिनिटांत कॉपी मारून देईल."

काका आगरीत उतरले होते म्हणजे ते खरे चिडले होते. मी हळूच वर निघून आले. नंतर दीड महिना त्या घरात बापलेक कामापुरतंच बोलत होते, आणि आम्हाला वर काहीच ऐकू येत नव्हतं. तेच जास्त वाईट होतं. मथीमावशी तेवढ्यात दोनदा येऊन गेली. "जवरा येते तवराच गाईन," ती म्हणाली. निशाताईने तिला चहा दिला. पण तिने हळदीची साडी आणायला जाणं पुढे ढकललं, दोनदा.

मग एका सकाळी काकांनी मला हाक मारली. "चल. गोपभाईकडे जायचंय. डिस्क तू धर, माझा हात थरथरतो." त्यांचा हात थरथरत नव्हता. त्यांना एकट्याने जायचं नव्हतं, एवढंच.

गोपभाईंचं दुकान म्हणजे वायरींची गुहा. ते स्टुलावर बसून चहा पीत होते. काकांनी डिस्क दाखवली, सगळी हकिकत सांगितली, वहीतले रकानेसुद्धा. गोपभाई वही बघून इतके हसले की चहा सांडला.

"साईं, आप जैसा आदमी नहीं देखा. चारों बार हाथ से लिखा, वो भी लाइन मारके! लाओ, दहा मिनिट का काम आहे. कॉपी देतो, कशातपण चालेल."

"कॉपी नको."

"तर मग आलात कशाला?"

काकांनी वही मिटली. मग म्हणाले, "मुलगी बोलत नाही."

गोपभाईंनी कप खाली ठेवला. गल्ल्याचा खण ओढला, मागे हात घातला आणि एक लोखंडी किल्ली काउंटरवर ठेवली. हाताएवढी, काळी पडलेली. "दादाजी सिंधहून आले ना, घर को ताला लगाके आये थे. चाबी घेऊन आले. घर तिकडेच. बाप मेला तेव्हा माझ्या हातात दिली. मी काय करू हिचं? पण टाकत नाही."

काकांनी किल्ली उचलली. दोन्ही बाजूंनी बघितली. "चांगली घडवलीय," ते म्हणाले.

"ते सोडा. साईं, मी ज्या घरात जाऊ शकत नाही, त्याची चाबी माझ्याकडे आहे. तुमचं घर तुमच्या हातात आहे, भाभीजी अंदर बैठी है, आणि तुम्ही बाहेर उभे राहून विचारताय की तोडू की नको. अरे, अपने घर का ताला कोई तोडे तो पुलिस भी हसती है." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बेटी, तू समझा इनको. इंग्लिश पढ़ी है ना?"

मला काहीतरी म्हणायला हवं होतं. दोघं माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "काका, त्या सूचनेत काही देश असं लिहिलंय. आपला देश त्यात आहे का ते मला माहीत नाही. पण विकायला नको, वाटायला नको. फक्त ऐकायचं."

एवढं लांब मी घराबाहेर क्वचितच बोलले होते.

काकांनी किल्ली गोपभाईंच्या हातात परत ठेवली. "कॉपी नको," ते पुन्हा म्हणाले. "घरी करतो. माझ्या मशीनवर. माझ्या हाताने."

रिक्षात त्यांनी डिस्क माझ्याकडून घेऊन मांडीवर धरली. अंबरनाथ मागे पडलं तेव्हा फक्त म्हणाले, "कुलूप ज्याने केलं त्याला आत कोण आहे ते माहीत नव्हतं."

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, मथीमावशीला बोलावलं. निशाताई दाराशी हाताची घडी घालून उभी होती. मी ओळी वाचत होते, काका एकेक अक्षर स्वतः टाइप करत होते, एका बोटाने. मी करते म्हटलं तर नको म्हणाले. तो भाग बसला. काकांनी डिस्क आत सरकवली.

ड्राइव्ह घुरघुरायला लागला. पडदा काळाच. एक मिनिट, दोन, पाच. मथीमावशीने विचारलं, "जलला नाय ना?" काकांनी तळहात मशीनच्या पाठीवर ठेवला होता, ताप बघावा तसा.

मग आवाज आधी आला. चित्र नंतर.

काकू होती. काळे केस, नाकात मोठी नथ, हिरवं लुगडं. मागे चिखलोलीची जुनी घरं आणि मोकळी शेतं, जिथे आता टॉवर आहेत आणि स्टेशन येणार म्हणतात. ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती, बाजूला कुणाकडे तरी बघून गात होती.

हलद आली गो डोंगराचे वाटं,
मीठ आला गो खारीचे काठं.

"आगो बाय," मथीमावशी म्हणाली, "तारू कवरी बारीक व्हती!" आणि पदर तोंडाला लावला.

निशाताई दारातून आत आली आणि काकांच्या खुर्चीच्या मागे उभी राहिली. गाणं वीस मिनिटं चाललं. कॅमेरा एकदा फिरला आणि काकू कुणाकडे बघत होती ते दिसलं. फॅक्टरीच्या खाकी शर्टातले काका, हातात सायकल धरून उभे. तेव्हा ते कामावर निघाले असणार. निशाताईने खाली वाकून त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. मी ऐकलं नाही. मी दुसरीकडे बघत होते.

नंतरचे पंधरा दिवस रोज सकाळी मथीमावशी यायची, ऐकायची, गायची, थांबवायची. काकांनी मला धवला लिहून काढायला सांगितलं. "तिला लिहिलेलं नको असायचं," मी म्हटलं.

"तिला टीव्हीत बघितलेलंपण नको होतं," काका म्हणाले. "लिही."

माझं मराठी अक्षर तेव्हा तिसरीतल्या मुलीसारखं होतं. काकांनी लाल पेन्सिलीने माझ्या वेलांट्या दुरुस्त केल्या. चार वेळा परत लिहायला लावलं. आज मी मराठीत लिहू शकते त्याचं कारण कुठली शाळा नाही, ती लाल पेन्सिल आहे. त्या चार कागदांवर धवल्यातले मान होते. मांडवात पहिला मान कोणाचा, तर गावदेवीचा. दुसरा मान मिठाचा. तिसरा मान मायचा. ही तिसरी ओळ आली की नवरीची आई पुढे होते आणि पहिली हळद लावते.

हळद चिखलोलीला झाली, दोन टॉवरांच्या मधल्या उरलेल्या जागेत मांडव घालून. त्याच रात्री मी नोकरीसाठी हैदराबादला गेले. पुढच्या दिवाळीआधी काका गेले आणि मला येता आलं नाही. म्हणून मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या मांडवात.

डीजेवाल्याने कपाटाएवढे स्पीकर आणले होते आणि तो सारखा वाजवायला बघत होता. काका जाऊन एका स्पीकरला टेकून उभे राहिले. "धवला संपेपर्यंत नाय," त्यांनी त्याला सांगितलं. त्याने काकांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि वायर खाली ठेवली.

निशाताई पाटावर बसली. मथीमावशीने डोळे मिटले आणि सुरू केलं. डोंगराची वाट झाली, खारीचा काठ झाला. पोरंसोरंसुद्धा गप्प झाली. गावदेवीचा मान झाला, मिठाचा मान झाला. तिसरा मान कोनाचा, मावशीने म्हटलं आणि ती थांबली.

सगळ्यांना वाटलं विसरली. ती विसरली नव्हती. मी तिच्या शेजारीच बसले होते, तिचे ओठ हलत होते, आवाज निघत नव्हता. निशाताई मान खाली घालून बसलेली, तिच्या पुढ्यात हळदीची वाटी, आणि पुढे यायला कुणी नाही. माझ्या मांडीवर कागद होता. ती ओळ माझ्याच अक्षरात समोर होती. मला फक्त मोठ्याने वाचायची होती. शंभर माणसं बघत होती आणि मी कागद पालथा घातला.

"तिसरा मान कोनाचा, मान गो मायचा."

आवाज स्पीकरच्या बाजूने आला. त्याला चाल नव्हती, सूर नव्हता. फॅक्टरीच्या ड्रॉइंगवरचं माप वाचून दाखवावं तसं काकांनी ते सपाट म्हटलं. आणि पुढची ओळही म्हटली. "हात लाव माये, पोर परक्याची झाली."

मग मागून एक म्हातारी ओरडली, "आगो, बापूस धवला बोलतंय!" आणि सगळ्या बायका हसल्या, रडत असलेल्यासुद्धा. मथीमावशी हसता हसता डोळे पुसत म्हणाली, "दाजी, आता म्हनलाच हाय तर या. तुमीच लावा."

"बाप्या लावत नाय," कुणीतरी म्हणालं.

"आज लावतंय," मावशी म्हणाली आणि तिसरा मान तिने पहिल्यापासून उचलला, या वेळी पूर्ण आवाजात.

काका आले. गुडघ्यांवर हात टेकून हळूहळू खाली बसले. वाटीत बोटं बुडवली आणि निशाताईच्या गालावर ठेवली. तिने डोळे उघडले नाहीत. मान अजून बरेच होते, सुपाचा, जात्याचा, मामाचा, आणि मावशी एकेक गात पुढे गेली. ते सगळे संपेपर्यंत काकांनी तिच्या गालावरचा हात काढला नाही.